न बोलायची बावीस मिनिटं

विश्वास ठेवाच, असं मी म्हणणार नाही. मी स्वतः भुताखेतांचा विषय निघाला की उठून चहा टाकायला जाणारा माणूस. पण ही हकीकत जिनं सांगितली ती बाई माझ्या वरच्या मजल्यावर राहते, आणि एकोणीस वर्षांत तिनं मला एकदाही थाप मारलेली नाही.

तारीख सांगतो. पाच फेब्रुवारी २०१२. रविवार. दुपारी अडीचचा खेळ.

गाव पॅरिस. नदीच्या डाव्या अंगाची एक अरुंद गल्ली, आणि तिच्यात एकशे चार खुर्च्यांचं थिएटर. नाव सांगत नाही. ते अजून चालू आहे, आणि लोकांनी तिथं जाणं सोडू नये असं मला वाटतं.

तिचं नाव ओदेत. तेव्हा वय सदुसष्ट. थिएटरच्या तिकीटखिडकीत तिची उभी हयात गेली. नवरा आर्मां तिथलाच मशीनवाला, वर केबिनमध्ये.

दर रविवारी दुपारी तिथं जुने काळे-पांढरे सिनेमे लागायचे. ओले रस्ते, कॉलर वर केलेली माणसं, गोड बोलून गळा कापणाऱ्या बायका, आणि दरोडे.

"दरोड्याच्या सिनेमात सगळ्यात सुंदर काय असतं, सांगू?" आर्मां म्हणायचा. "तयारी. चार माणसं महिनाभर नकाशे काढतात, घड्याळं जुळवतात. सगळं कसं चोख. आणि मग त्यातला एक जण कोणावर तरी जीव लावून बसतो. झालं! ग्रंथ आटोपला."

"खड्ड्यात गेले तुझे चोर," ओदेत म्हणायची. "मला त्या बायका आवडतात. काय त्या टोप्या! आणि खोटं बोलताना पापणी लवत नाही हो मेल्यांची."

"तू बोलून बघ एकदा खोटं. कान लाल होतात तुझे."

असं चालायचं दोघांचं. एकतीस वर्षं.

त्यातला एक सिनेमा सगळ्यांचा लाडका. दर फेब्रुवारीत लागायचा. त्यात चार चोर एका सराफाच्या तळघराची भिंत फोडतात. पलीकडे पहारेकरी झोपलेला. म्हणून हातोड्याला लोकरीचे मोजे बांधलेले, आणि घाव घालायचा तो फक्त जवळून मेट्रो धडधडत गेली की. मेट्रो नाही, तर घाव नाही. नुसतं श्वास धरून बसायचं.

बावीस मिनिटं. एक शब्द नाही. संगीत नाही.

आणि तेवढी बावीस मिनिटं हॉलमध्येही कोणी हूं की चूं करायचं नाही, हा तिथला नियम. कुठं लिहिलेला नव्हता, पण देवळात चप्पल काढतात तसा सगळे पाळायचे. खोकला आला तर मफलर तोंडात कोंबायचा. पहिल्या रांगेत म्हातारे तेसिए बसायचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. एका पाहुण्यानं चॉकलेटचा कागद वाजवला, तर त्यांनी त्याला नुसत्या नजरेनं हॉलबाहेर काढला होता.

तो पाहुणा मीच.

ओदेतची जागा ठरलेली. शेवटची रांग, मधली खुर्ची. डोक्यामागं भिंत, आणि भिंतीपलीकडे, जरा उंचावर, आर्मांची केबिन. पडद्यावर चित्र धुरकट झालं की ती बोटातली अंगठी भिंतीवर एकदा वाजवायची. आवाज कमी असला तर दोनदा. मग पलीकडून एक टकटक यायची. म्हणजे, कळलं.

पण आर्मां मुलखाचा खोडकर. नेमका त्या बावीस मिनिटांत, पडद्यावर मेट्रो नसताना, मुद्दाम हळूच टकटक करायचा. ओदेतला हसू फुटायचं. ती मागं वळायची नाही. नुसता हात खांद्यावरून मागं न्यायची आणि एक बोट दाखवायची.

गप्प बस.

"माझं बोट दिसतं का रे तुला वरून?" तिनं एकदा विचारलं होतं.

"छे! अंधारात काय दिसतंय? मला पडदा दिसतो फक्त. तू घोरलीस तरी कळायचं नाही."

ते ऐकून तिला बरंच वाटलं. कारण त्या बावीस मिनिटांत ती चोरून तिकडं मिळते ती मिठाची टॉफी तोंडात टाकायची. आणि शेवटी चौघांतला म्हातारा चोर एकटा मरतो तिथं दरवर्षी रडायची. खेळ संपला की आर्मां जिना उतरून यायचा, आणि त्याच्या हातात रुमाल तयार असायचा.

"रडलीस वाटतं."

"अंदाज बरा आहे तुझा," ती म्हणायची.

आता सहा फेब्रुवारी २०११ चं सांगतो. एक वर्ष आधीचं. तोही रविवार, तोच सिनेमा.

बावीस मिनिटं सुरू झाली. पडद्यावर मेट्रो गेली. घाव. मेट्रो गेली. घाव. मग शांतता...

टक.

डोक्यामागं. पडद्यावर मेट्रो नव्हती. ओदेत गालातल्या गालात हसली, हात मागं नेला, बोट दाखवलं.

थोड्या वेळानं पुन्हा...

टक. टक.

तिनं बोट हलवलं. फाजीलपणा पुरे, अशा थाटात.

मग बऱ्याच वेळानं... काहीतरी भिंतीवरून घसरत गेल्यासारखं. टकटक धड नव्हतीच ती. या वेळी तिनं हातसुद्धा उचलला नाही. तेसिएंनी मागं वळून बघितलं असतं ना!

दर वीस मिनिटांनी एक रीळ संपतं. संपायच्या आधी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक गोल ठिपका येतो, मग काही सेकंदांनी दुसरा. दुसऱ्या ठिपक्याला मशीनवाल्यानं दुसरं मशीन लावायचं. एकतीस वर्षांत आर्मांचा एकही ठिपका चुकला नव्हता.

पहिला ठिपका आला. दुसरा आला.

आणि पडदा पांढराफटक झाला.

ती धावत वर गेली तेव्हा तो भिंतीशी बसलेला होता. हात भिंतीला टेकलेला. डॉक्टर म्हणाले, "झटक्यात गेले, मादाम. त्यांना कळलंही नसेल."

ओदेत म्हणाली, "हो."

तिचे कान लाल झाले असणार. पण नवरा गेलेल्या बाईच्या कानांकडे कोण बघतं?

वर्षभर तिनं हे कोणाला सांगितलं नाही. रात्री भिंतीकडे तोंड करून झोपायची. तिला एकच आधार होता: वरून काही दिसत नाही. आर्मांनंच सांगितलं होतं. म्हणजे ते बोट त्याला दिसलं नसणार. बायकोचा डोळा लागला असेल, असं समजून गेला असेल बिचारा. झोपलेल्या बायकोवर कोण रागावतं?

त्या हिवाळ्यात थिएटरनं नवं मशीन घेतलं. फिल्म नाही, रीळ नाही. केबिनमध्ये एक पेटी, आणि खाली ऑफिसात एक बटण. वर माणूस लागतच नाही. आर्मांची दोन्ही मशीनं तिथंच बाजूला उभी, वायरी कापून टाकलेल्या. केबिनची एक किल्ली ओदेतनं मागून घेतली. कोणी नाही म्हणालं नाही.

जानेवारीत मॅनेजर बातिस्त तिच्याकडे आला. "मादाम ओदेत, आर्मांच्या आठवणीत तोच सिनेमा लावतोय. प्रत अगदी स्वच्छ केलेली आहे, एक ओरखडा नाही, ठिपकेसुद्धा काढून टाकलेत. तुम्ही नसलात तर कसं दिसेल?"

"दिसायचं तसं दिसू दे."

पण ती आली. तिला एकच गोष्ट करायची होती. त्याच जागी बसून, त्याच वेळी, भिंतीवर अंगठी वाजवायची. ऐकलं रे, एवढंच. वर्षभर उशिरा का होईना.

पाच फेब्रुवारी. हॉल भरलेला. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या लोकांनी आदरानं रिकाम्या ठेवलेल्या.

बावीस मिनिटं सुरू झाली.

तिनं हात उचलला. अंगठी भिंतीपासून चार बोटांवर... आणि तिला वाजवता येईना. इतक्या वर्षांची सवय हो! सगळा हॉल श्वास धरून बसलेला, आणि तिचा हात तसाच हवेत.

तेवढ्यात पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात...

ठिपका.

या प्रतीत ठिपके नव्हते. बातिस्तनंच सांगितलं होतं.

तिनं आजूबाजूला पाहिलं. कोणाचीच मान हलली नाही. मग मागून, भिंतीपलीकडून, एक बारीक घरघर सुरू झाली. ती घरघर तिनं एकतीस वर्षं ऐकलेली होती. जुन्या मशीनची मोटर. आणि मग...

टक.

पडद्यावर मेट्रो नव्हती.

ओदेत या वेळी वळली. अख्खीच्या अख्खी मागं वळली. वर दोन चौकोनी खिडक्या. एकीतून नव्या पेटीचा झोत येत होता. दुसरी काळी.

टक. टक.

"आले!" ती मोठ्यानं म्हणाली. "आले रे, आले!"

खुर्ची खाडकन मिटली. पुढून कोणीतरी "श्श..." केलं. ती तोवर जिन्यावर होती. अकरा पायऱ्या. घाईत किल्ली भोकात जाईना. शेवटी दार उघडलं.

आत कोणी नव्हतं.

नवी पेटी आपली गुणगुणत होती. जुन्या मशीनची घरघर बंद झालेली. फक्त वरचं रिकामं चाक... हळूहळू फिरत होतं. तिच्या देखत थांबलं. आर्मांचं स्टूल काळ्या खिडकीपाशी ओढून ठेवलेलं होतं.

"आर्मां?"

ती स्टुलावर बसली. या खोलीत ती शेकडो वेळा कॉफी घेऊन आली होती. पण खेळ चालू असताना या खिडकीतून तिनं कधी खाली पाहिलं नव्हतं. खेळ चालू असताना ती खाली बसलेली असायची ना!

तिनं खाली पाहिलं.

सगळं दिसत होतं.

पडद्याचा उजेड परत हॉलवर पडत होता, आणि त्यात एकेक डोकं मोजून घ्यावं इतकं लख्ख दिसत होतं. तेसिएंचं टक्कल. बातिस्तच्या चष्म्याची काडी. आणि अगदी खाली, हातभर अंतरावर, शेवटची रांग. मधली खुर्ची.

जी ती आत्ता मिटवून आली होती.

त्या खुर्चीत कोणीतरी बसलं होतं.

करड्या केसांचा अंबाडा. तपकिरी कोट. तो कोट ओदेतनं आर्मांच्या दफनानंतर चर्चमध्ये देऊन टाकला होता.

तिनं भिंतीवर टकटक केली. एकदा.

खालच्या बाईनं हात खांद्यावरून मागं आणला. एक बोट दाखवलं. बोटातली अंगठी चमकली.

ओदेतनं पुन्हा वाजवलं. दोनदा. खालचं बोट लाडिकपणे हललं.

"मागं बघ," ओदेत म्हणाली. "अगं ए, मागं बघ ना. एकदाच बघ."

तिनं तळहात भिंतीवर आपटला, पण त्यात जोर राहिला नव्हता. तो घसरत खाली गेला.

खालच्या बाईनं हातसुद्धा उचलला नाही. तिनं पर्समधून मिठाची टॉफी काढली, कागद न वाजवता सोडला, आणि पडद्याकडे बघत तोंडात टाकली.

ओदेतला तेव्हा रुमालाचं कोडं सुटलं. त्याचा अंदाज कधीच नव्हता. त्याला दिसत होतं. टॉफी दिसत होती, रडणं दिसत होतं. तिला चोरून खाता यावं, मोकळेपणानं रडता यावं, म्हणून खोटं बोलला होता मेला. एकतीस वर्षं, आणि कान लाल न करता.

आणि ते बोटही त्याला दिसलं होतं. दोन्ही वेळा.

बातिस्तला ती स्टुलावर सापडली तेव्हा खेळ संपून बराच वेळ झाला होता. खालची खुर्ची मिटलेली होती. खुर्चीखाली टॉफीचा कागद पडलेला. तो तिचाच, मागच्या कधीचा, असं बातिस्त म्हणतो. असेल.

त्याच संध्याकाळी तिनं मला हे सगळं सांगितलं. माझ्या स्वयंपाकघरात, कोटही न काढता. मी चहा टाकायला उठलो नाही.

"त्याला वाटलं असेल, हिला सिनेमा प्यारा," ती म्हणाली. "मी त्याला गप्प बसवलं रे. मरताना गप्प बसवलं."

मी तिचा हात धरून बसलो.

त्यानंतर ती थिएटरात गेली नाही. मी जातो. गेल्या फेब्रुवारीत तो सिनेमा पुन्हा लागला. हॉल भरलेला होता, एकच खुर्ची रिकामी. शेवटची रांग, मधली. बसलो.

बावीस मिनिटं सुरू झाली. मेट्रो. घाव. मेट्रो. घाव. मग शांतता...

टक.

माझ्या डोक्यामागं.

मी लगेच वळलो. काळी खिडकी. आत काही दिसेना. मी वाट बघत राहिलो.

टक. टक.

मग मी उठलो. नियम गेला खड्ड्यात. त्या खिडकीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणालो, "आर्मां, तिनं ऐकलं होतं! तिला वाटलं तू मस्करी करतोयस. तिला..."

"श्श!"

अख्खा हॉल. शंभर माणसं. एकदम.

त्यानंतर टकटक आली नाही. शेवटपर्यंत नाही. मी रांगेत उभाच होतो. त्याला माझं बोलणं ऐकू गेलं म्हणून तो थांबला, की त्या सगळ्यांनी गप्प केलं म्हणून, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

ओदेतला मी हे सांगितलेलं नाही. जिन्यात भेटली की विचारते, "शांत होता ना हॉल?"

"हो," मी म्हणतो. "अगदी शांत."

ती माझ्या कानांकडे बघत राहते.