बुजवलेली खिडकी

शेकोटीत अजून दोन करवंट्या टाका आणि जरा जवळ सरका. हर्षदची गोष्ट सांगतो. हर्षद म्हणजे माझा साडू, रेवदंड्याचा गवंडी. मनाचं काही रचून सांगणारा माणूस नाही तो. गेल्या वर्षीची गोष्ट. देवदिवाळीची आदली रात्र, म्हणजे अमावास्याच.

किहीमला एका गुजराती शेटांचा बंगला आहे. मुंबईत कापडाचा धंदा होता त्यांचा. आताच्या मालकांच्या पणजोबांनी हवापालटाला म्हणून इथे वाडीत बांधला. जांभ्याचा चौथरा, सागवानी खांब, वर मंगलोरी कौलं. दारं सगळी एका रेषेत. पुढचं दार उघडलं की समुद्राचा वारा घरभर फिरून मागच्या सुपारीच्या बागेत निघतो. फक्त माडीवरची पश्चिमेची खोली कोंदट. तिची खिडकी विटा लावून बुजवलेली. बाहेरून बघितलं की जांभ्याच्या भिंतीत तो विटांचा चौकोन खपलीसारखा दिसायचा.

आताचे मालक अल्पेशशेट. त्यांना बंगला सुट्टीच्या पाहुण्यांना भाड्याने द्यायचा होता. पाहुण्यांना समुद्र दिसायला हवा, म्हणून त्यांनी हर्षदला खिडकी मोकळी करायला सांगितलं. काम एवढंच.

हर्षद सकाळीच गेला. तो विटा काढत असताना बंगला राखणाऱ्या वेणूबाई तिथे येऊन बसल्या. त्यांची सासू त्या घरात कामाला होती. तिच्याकडून ऐकलेलं त्यांनी हर्षदला सांगितलं.

केसर म्हणून त्या घरची धाकटी सून होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवरा मचव्यातून मुंबईला निघाला, आणि मचवा वाटेतच बुडाला. माणसं नाहीत, फळकूटही हाती लागलं नाही. सासऱ्यांचा सुनेवर पोटच्या पोरीसारखा जीव. त्यांना तिला सांगवेना. पेढीवर काम अडलंय, येईल लवकरच, असं ते म्हणाले, आणि घरातल्या सगळ्यांना तसंच बोलायला लावलं. केसर दिवसभर खिडकीत बसायची. जेवण तिथे, झोप तिथे. शेवटी सासऱ्यांनी मायेपोटीच खिडकी बुजवून टाकली. समुद्र दिसला नाही तर विसरेल, असं त्यांना वाटलं. पोर विसरली नाही. विटांकडे तोंड करून बसायला लागली. पुढच्या पावसाळ्यात गेली.

हर्षद ऐकत ऐकत विटा काढत होता. तुम्हा पोरांना माहीत नसेल, त्याचा धाकटा भाऊ मोरू ट्रॉलरवर गेला तो परत आलाच नाही. त्यांच्या आईलाही लोकांनी येईल, येईल म्हणत झुलवतच ठेवलं. म्हातारी मरेपर्यंत त्याचं ताट वाढून ठेवायची.

संध्याकाळपर्यंत खिडकी मोकळी झाली. तळाला सिमेंटचा नवा कट्टा घालून हर्षदने त्यावर थापी फिरवली, अगदी गुळगुळीत केला. चौकट दुसऱ्या दिवशी बसवायची होती, म्हणून तो खाली ओटीवरच आडवा झाला. वेणूबाई फाटकाला कुलूप लावून घरी गेल्या.

डोळा लागत होता, तेवढ्यात वर कुणीतरी चाललं.

मांजर असेल, ओला कट्टा खराब करेल, म्हणून तो मोबाईलची बॅटरी लावून जिना चढला. खोलीचं दार त्याने सताड उघडं ठेवलं होतं. ते आता लोटलेलं होतं.

आतली पावलं थांबली.

वारा पडला. समुद्राचाही आवाज येईना...

दाराआडून, अगदी हळू...

"होडी आवी?"

हर्षदला गुजराती येत नाही. पण होडी आली का विचारतेय, एवढं कळलं. पळावं असं वाटलं.

पुन्हा.

"होडी... आवी?"

हर्षद मला म्हणाला, भीती तर होतीच, पण तिला उत्तर द्यावंसं वाटलं. येईल म्हणणं सोपं होतं. ओठांवर आलंच होतं. तेवढ्यात आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला. तो जिन्यावरच खाली बसला.

"न्हाय, बाय," तो म्हणाला. "ती होडी बुडाली. आता यायची न्हाय."

मग पावलं. दाराकडे नाही. खिडकीकडे.

तो उजाडेपर्यंत तिथेच बसून राहिला.

सकाळी वेणूबाई कुलूप काढून आल्या, तेव्हा दोघं मिळून आत गेले. खोली रिकामी. कोंदट वास पार गेलेला. समोर समुद्र, ओहोटी लागलेली.

सिमेंटचा कट्टा वाळून टणक झाला होता. त्यावर दोन कोपरांचे ठसे होते. बारीक, बाईमाणसाचे. कोपरं टेकून कुणी समुद्राकडे बघत उभं राहावं, तसे. पण मधोमध नव्हते. एका कडेला सरकून होते... शेजारी अजून एक माणूस उभं राहील, एवढी जागा सोडून.