चमच्याची झिजलेली कड

त्या पत्राला पारखीकाकांनी उत्तर दिलं नव्हतं.

पत्र एका लेकीचं, साधंच होतं. 'वडील गेले. आईकडे चांदीच्या काट्या-चमच्यांची पेटी आहे. आम्ही भावंडं घर आवरायचं म्हणतोय. पेटी मोडीत घातली तर काय येईल? आई रोज घासते, तरी चमच्यांची पाठ पिवळसर दिसते. त्यानं भाव पडेल का?'

काका जुन्या वस्तूंच्या दुकानात किंमत सांगायला बसत. दुकानात गिऱ्हाईक कमी आणि पुस्तकं जास्त, म्हणून त्यांचं बरं चाललं होतं. 'पिवळसर पाठ' वाचताक्षणी त्यांना उत्तर कळलं होतं. पण वस्तू न पाहता लिहायचं कसं? आपलं चुकत असलं तर? आणि चुकत नसलं तर, ते लेकीला सांगायचं कोणत्या तोंडानं? त्यांनी दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं. शेवटी पत्र शब्दकोशात सरकवून दिलं.

मग फोन आला.

"पत्र लिहिणारी मीच," लेक म्हणाली. "उत्तर नाही दिलंत. आता पेटी रिकामी झालीय. दादा स्वयंपाकाच्या मावशींवर पोलिसात जायला निघालाय. तक्रारीत किंमत लिहावी लागते म्हणे. निदान एवढं तरी सांगा."

काका निघाले.

जेवणाच्या खोलीत दिवसासुद्धा संध्याकाळ होती. लांब टेबल. त्याच्या डाव्या टोकाला एका खुर्चीपुढे ताट वाढून ठेवल्यासारखं मांडलेलं. थाळी, पेला, दुमडलेला रुमाल आणि एकच मोठा चमचा.

"बाबांची जागा," लेक हळूच म्हणाली. "आई रोज मांडते."

आई खिडकीजवळ शिवणयंत्रापाशी बसली होती. यंत्रावर लाकडी टोपी. तिनं काकांकडे पाहून नुसती मान हलवली.

मुलानं पेटी उघडली. निळ्या मखमलीत काट्या-चमच्यांचे रिकामे खड्डे होते. माणसं उठून गेलेल्या गादीसारखे.

"सगळे गेले. बाबांच्या जागेवरचा तेवढा राहिला," मुलगा म्हणाला. "घाईत दिसला नसेल चोराला."

"टेबलावर समोरच असून?"

मुलगा पेटी बंद करू लागला. मग आवाज खाली आणत म्हणाला, "आणखी एक. हसू नका. पेटी रिकामी झाल्यापासून या खोलीत आवाज येतो. चमचा ताटावर वाजावा तसा. कोणी जेवायला बसलंय असं वाटतं."

"कधी येतो?"

"कधीही. मी आता इथे जेवत नाही."

बाहेरच्या रस्त्यावरून एक अवजड ट्रक गेला. तावदानं थरथरली. आईनं यंत्राच्या टोपीवर तळहात दाबून ठेवला. ट्रक गेल्यावर काढला.

मावशी दारातच उभ्या होत्या, हातात पिशवी. हिशेब करून निघण्याच्या तयारीत.

"मावशी, तुम्ही इथे केव्हापासून?" काकांनी विचारलं.

"साहेब गेले त्यानंतर आले. त्यांना मी फोटोतच पाहिलंय."

"चमचे कोण घासायचं?"

"आईच. मला हात लावू देत नव्हत्या. मी म्हटलं, द्या, राखेनं लख्ख करते. तर अंगावर आल्या माझ्या."

"तुम्ही घेतलेत?"

"चोरायचंच असतं तर तुमचा फ्रिज नेला असता. उन्हाळ्यात उपयोगी तरी पडला असता. चमच्यांनी काय, मी सूप पिणार?" मावशींचा आवाज एकदम फुटला. "या वयात चोर म्हणवून बाहेर पडले, तर पुढचं घर कोण उघडेल मला?"

काकांना मान वर करवेना. पत्राला उत्तर दिलं असतं, तर ही बाई आज पिशवी धरून उभी नसती.

त्यांनी चमचा उचलला, चष्मा कपाळावर सरकवला आणि चमचा डोळ्यांजवळ नेला. टेबलावर टेकते ती पाठ पिवळी पडलेली. दांडीवर मागं एक जागा खोलगट, कानशीनं घासल्यासारखी. टोकाची कड एका बाजूनं खाल्लेली. उजव्या बाजूनं.

"ही चांदी नाही," ते पुटपुटले. "वर चांदीचा नुसता मुलामा आहे. आत जर्मन सिल्व्हर, तांबं-जस्त-निकेलचा धातू. झिजल्यावर तेच पिवळं दिसतं."

"बघा!" मुलगा उसळला. "म्हणजे मावशींनी खरे विकून खोटे आणून ठेवले. आणि पेटी विकायची ठरल्यावर पकडलं जाऊ नये म्हणून तेही पळवले!"

काका क्षणभर गोंधळले. असंही असू शकेल? त्यांनी पुन्हा त्या टोकाच्या खुर्चीकडे पाहिलं.

"तुमचे वडील डावखुरे होते का?"

"हो," लेक म्हणाली. "शेजारच्याला कोपर लागायचं, म्हणून तर टोकाला बसायचे. तुम्हाला कसं कळलं?"

आई उठून टेबलापाशी आली. "तो चमचा खाली ठेवा," ती म्हणाली.

तेवढ्यात दुसरा ट्रक गेला. आणि खोलीत तो आवाज झाला. किणकिण. बारीक, घाईची, एखादा भुकेला जेवतोय तशी. मुलगा पांढराफटक पडला. आई गर्रकन वळली, पण यंत्र चार पावलं लांब राहिलं होतं.

काकांनी चमचा जपून रुमालावर ठेवला.

"माझं चुकत असेल तर थांबवा," ते म्हणाले. "उजव्या हातानं खाणाऱ्याचा चमचा टोकाला डावीकडून झिजतो. हा उजवीकडून झिजलाय. डाव्या हातानं, वर्षानुवर्षं. म्हणजे मुलाम्याच्या याच चमच्यानं तुमचे वडील जेवत होते. मावशी त्यानंतर आल्या. त्यांनी अदलाबदल केलेली नाही."

"मग चोर कोण?"

"मोडीत याला किंमत नाही. मुलामा केसाहून बारीक. काढायचा खर्चच जास्त. चोरानं चांदी समजून नेले असते, तर हाही नेला असता. बाकीचे नेले ते, किंमत नाही हे ठाऊक असलेल्या माणसानं. आणि हा एकच चमचा ज्याला उचलवला नाही, त्यानं." काकांचा आवाज खोल गेला. "ट्रक गेला की किणकिण होते. आई यंत्राची टोपी दाबून बसल्या की होत नाही."

लेकीनं जाऊन टोपी उचलली. यंत्राभोवती काटे, चमचे, सुऱ्या कोंबलेल्या होत्या.

"आई?"

आई नवऱ्याच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"लग्नात हे म्हणाले, घराण्याची चांदी आहे. माझ्या माहेरच्यांपुढे मान राहावी म्हणून. बंद पडलेल्या हॉटेलातली पेटी होती. दांड्यांवरचं हॉटेलचं नाव कानशीनं घासलेलं. पहिल्याच वर्षी पाठ पिवळी झाली, तेव्हा कळलं मला."

"म्हणजे बाबा खोटं बोलले?" मुलानं विचारलं.

"एकदाच. पुढे नुसते गप्प राहिले. मीही राहिले. मला कळलंय हे त्यांना कळू नये म्हणून जन्मभर मीच घासत आले, हलक्या हातानं. आता तू बाजारात नेणार, नि कोणीतरी परका हसून सांगणार." तिनं काकांकडे पाहिलं. "तुम्ही तर हसलाही नाहीत."

मग ती दाराकडे गेली. "मावशी, दादा बोलत होता आणि माझं तोंड उघडलं नाही. माझ्या मेलेल्या माणसाची अब्रू राखायला मी तुमची घालवत होते."

मावशींनी डोळे पुसले. पिशवी मात्र खाली ठेवली नाही.

"आधी दादांनी चूक झाली म्हणावं."

मुलानं म्हटलं. अडखळत, पण मावशींच्या तोंडाकडे बघून. तेव्हा पिशवी खाली आली.

"आणि यापुढे सगळीच भांडी तुम्ही घासा," मावशी आईंना म्हणाल्या. "हात हलका आहे तुमचा."

आई हसली की रडली, ते काकांना नीटसं कळलं नाही. लेक त्यांना सोडायला फाटकापर्यंत आली.

"पत्राचं उत्तर राहिलंच," काका म्हणाले.

"आता काय राहिलंय सांगायचं?"

"तरी पाठवतो."

दुकानात येऊन त्यांनी शब्दकोश उघडला. या वेळी कागद फाडला नाही.

'आपलं पत्र मिळालं. उशिराबद्दल क्षमा असावी. मोडीत किंमत शून्य. पेटीसकट वापरायला घेणारा भेटला तर थोडेफार पैसे येतील, पण चमचे विकू नयेत. रोज वापरावेत. पाठ पिवळी दिसेल, ती दिसू द्यावी. वडिलांचा चमचा ज्याचा डावा हात चालतो त्याला द्यावा. त्याच्या हातात तो बरोबर बसेल.'

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत त्यांनी पत्र टाकलं. पडलं की अडकलं, अशी शंका आली म्हणून बोटानं झडप ढकलून पाहिली. पत्र गेलं होतं. झडप परत मिटली, तेव्हा ताटाला चमचा लागावा तसा आवाज झाला.