मडगार्डवरचा चहा

राजरत्नचं डोकं आधीच तापलेलं, त्यात सकाळी सकाळी शेजारची जाईबाई दारात हजर.

"काय रे राजा, पहाटेच कशाला चालू करतोस तो ट्रॅक्टर? बाप तसाच होता, आता तू. झोपू देशील की नाही म्हातारीला?"

आता यावर माणसाने काय बोलायचं, सांगा! ट्रॅक्टरमध्ये इंजिनच नव्हतं. राजरत्नने ते आदल्याच आठवड्यात टेम्पोत घालून कल्याणला काळुराम मिस्त्रीकडे पाठवलेलं. इथे कोपरीत, चाळीच्या भिंतीला लागून, ट्रॅक्टर दोन तुकडे होऊन विटांवर उभा. मध्ये एवढी फट, की त्यातून कुत्रं आरपार जायचं.

"आजी, ये इकडे. बघ. कुठंय इंजिन?"

जाईबाईने वाकून बघितलं. "ते मला नको दाखवू. मी आवाज ऐकला," म्हणाली आणि गेली.

ट्रॅक्टर पप्पांचा. कुंडलिकचा. वर्षभर विटा-वाळू ओढायचा, पण चौदा एप्रिलला धुऊन-पुसून जयंतीच्या मिरवणुकीचा रथ ओढायचा. पप्पा सीटवर, आणि छोटा राजरत्न डाव्या मडगार्डवर. निघायच्या आधी आई तिथेच चहा आणून ठेवायची. पप्पा प्यायचे आणि तळाशी एक घोट पोराला ठेवायचे. पप्पा गेले, ट्रॅक्टर गंजत पडला, रथाला भाड्याचा ट्रॅक्टर येऊ लागला. यंदा आईने, शालनने, साफ सांगितलेलं, "या जयंतीला रथ ओढला तर ठीक. नाहीतर भंगारवाला येऊन नेईल. मला रोज ते मढं बघवत नाही." म्हणून हा सगळा आटापिटा.

मग साड्यांची भानगड झाली. चाळीतल्या बायकांनी जयंतीच्या पांढऱ्या साड्या धुऊन ट्रॅक्टरच्या वरच्या दोरीवर घातलेल्या. सकाळी बघतात तर सगळ्यांवर काजळीचे ठिपके. डिझेलचा वास. तो ओरडा झाला ना, काय सांगू! राजरत्न मधल्या फटीत उभा राहून बोंबलतोय, "अरे धूर येणार कुठून? सायलेन्सर पण काढलाय मी! तो बघा, पलंगाखाली आहे!" कोण ऐकतंय? आईने तर सगळ्यांदेखत सुनावलं, "चूक झाली तर माफी माग, वाद नको घालू." त्याने माफी मागितली. न चालणाऱ्या ट्रॅक्टरच्या धुराची!

त्याच दुपारी काळुरामचा फोन.

"राजाभाऊ, तुमच्या इंजिनाला रात्री कोण हात लावतं का? चावी दिलीय का कोणाला गॅरेजची?"

"मी कशाला देऊ? चावी तुमच्याकडे!"

"नाही, म्हणजे... रोज सकाळी शटर उघडतो तर इंजिन गरम असतं. पिस्टन बाहेर काढून ठेवलेत मी. तरी हाताला चटका बसतो."

"काका, तुम्ही पण?" राजरत्नने वैतागून फोनच ठेवला.

जयंतीच्या आदल्या दिवशी इंजिन आलं, बसलं, चाकं चढली, निळा रंग झाला. आणि चालू होईना! बॅटरी नवी, डिझेल नवं, लाईनमधली हवा काढून काढून बोटं सोलली. काळुराम हात टेकून कल्याणला निघून गेला. जयंतीची सकाळ उजाडली तरी नुसती घरघर, मग तीही बंद.

महेंद्र, मंडळाचा पोरगा, राजरत्नचा शाळेपासूनचा दोस्त, फेटा बांधून आला. "भावा, वाईट वाटून घेऊ नको. रथ नाक्यावर थांबलाय. मी भाड्याचा बोलवतो."

"पाच मिनिटं दे रे!"

"पाच मिनिटं तू काल रात्रीपासून मागतोयस."

राजरत्नने चावी काढून खिशात टाकली. तेवढ्यात आई बाहेर आली, पांढऱ्या साडीत, तोंड पाडून.

"आज पहाटे चालू नाही केलास? आवाज नाही आला, म्हणून मी चहा पण नाही ठेवला."

"कुठला चहा?"

"कुठला म्हणजे? महिनाभर रोज पहाटे आवाज आला की उठून ठेवतेय ना मडगार्डवर! पितोस आणि कप तिथेच टाकून जातोस. वर तळाशी एक घोट ठेवतोस, मुंग्या लागतात. किती वेळा सांगायचं तुला?"

"आई, मी सातपर्यंत झोपलेला असतो."

शालन त्याच्याकडे बघत राहिली. मग आत गेली. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला.

कपबशी घेऊन आली, डाव्या मडगार्डवर ठेवली, पदर सारखा केला.

"आता मशीनला चहा पाजणार तू?" राजरत्न खरंच रडकुंडीला आलेला. त्याने पाठ फिरवली आणि चाकाला लाथ घातली.

धड.

धड, धड.

मग एकसारखं, जुनं, ओळखीचं.

महेंद्र ओरडला, "चालू झाला रे! चढ, चढ लवकर!"

चावी राजरत्नच्या खिशातच होती. मांडीला टोचत होती.

तो चढला. वरून सगळी चाळ टाळ्या वाजवत होती, कोणीतरी निळा गुलाल उधळला, त्यात काही दिसेना. गुलाल खाली बसला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, आपण सीटवर बसलोच नाही. सवयीने डाव्या मडगार्डवर बसलोय. लहानपणी बसायचो तिथे.

ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने, नाक्याकडे निघालेला.

आई पुढे चालत होती. तिने मागे वळून बघितलं नाही.

राजरत्नने पण सीटकडे बघितलं नाही. कप पडेल म्हणून फक्त हात लावला.

गरम होता. तळाशी एक घोट ठेवलेला.