मीटरवरचं अंतर

केसरीनाथ तसा भला माणूस, पण मनात शंका शिरली की तिला चहा पाजून बसवून घेणारा. साल २००५ असेल. पूर्णा गावच्या गोदामांमागे एका केबल कंपनीची बारकी खोली होती. आत गार हवा, यंत्रांची अखंड घुंई आणि तापल्या प्लास्टिकचा वास. काम रोजचंच. सत्तर किलोमीटरवर, कसाऱ्याच्या खोलीत, त्याची बहीण गोदू हिचा नवरा लडकू ड्युटीला असायचा. लडकूनं तिकडं लूप लावायचा, म्हणजे आलेली काचेची तार जाणाऱ्या तारेला जोडायची. इथून सोडलेला उजेड तिथून माघारी फिरायचा, आणि जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून मीटर अंतर सांगायचा.

त्या दुपारी मीटरनं सांगितलं, चाळीस.

केसरीनाथनं लायनीचा, म्हणजे त्याच तारेवरून थेट कसाऱ्याच्या खोलीत लागणारा फोन उचलला. "भावजी, कुठं हाव तुमी?"

"कसाऱ्याला. आनखी कुठं असनार?"

चाळीस किलोमीटर म्हणजे वाटेतलं शहापूर. तिथं कंपनीची खोली होती, अन् लडकूचे पत्ते कुटणारे दोस्तही. बहिणीचा नवरा, तोंडावर खोटारडा म्हणायची सोय नाही. गोदूच्या घरात दुसरी कमाईही नव्हती. तरी केसरीनाथच्या पोटात राहीना. मोबाइलवरून त्यानं साहेबांना सांगून टाकलं, "लडकू ड्युटीवर न्हाय."

सांगितलं आणि मीटरकडे पाहिलं. वीस. पडघ्याची शेतं... तिथं ना खोली, ना तारेला जोड.

मग नऊ. मग एक.

"भावजी... लूप काढा."

"कशाला?" लायनीवरचा आवाज अगदी हळू झाला. "आलोच की..."

तेवढ्यात मोबाइल वाजला. लडकू! रडवेला.

"साहेबांनी कामावरून काढला ओ मला! सकालपासून हितंच हाय, वॉचमनला इचारा. लायनीचा फोन तं एकदा पन वाजला न्हाय..."

केसरीनाथच्या दुसऱ्या हातातल्या फोनमध्ये कुणीतरी श्वास घेत होतं. त्यानं तो टाकला. मीटरची तार उपटून काढली आणि मागे सरकला. आकडा पुसला जायला हवा होता.

दोन मीटर.

मीटरपासून दोन मीटरवर तो स्वतःच उभा होता. दुसरं कुणी नव्हतं. तो दाराकडे एक पाऊल सरकला.

तीन.

आणखी एक.

चार.

"ऐकताव ना?" मोबाइलमधून लडकू विचारत होता. "तुमच्याजवल कोन हाय? मघापासून माझ्याच आवाजात बोलतो..."