आज तू कर प्रार्थना

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. वाद घालायचं त्राण आता माझ्यात उरलेलं नाही. पण हे माझ्याच बाबतीत घडलंय. ऐकीव नाही, आणि तिखटमीठही लावलेलं नाही.

२००३ सालचा जानेवारी. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातलं व्हेस्टबी नावाचं गाव. गुरुवारची संध्याकाळ.

मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. आमच्या मॉर्मन पंथाच्या घरांतली पोरं या वयात दोन वर्षं मिशनवर जातात. चर्च पाठवेल तिथे जायचं, लोकांची दारं ठोठावायची आणि येशूबद्दल बोलायचं. नावाआधी 'एल्डर' लावतात, म्हणजे वडीलधारा! मिसरूड धड फुटलेलं नाही, आणि म्हणे वडीलधारा. मी एल्डर पगमायर. माझा जोडीदार एल्डर फिफिता, सॉल्ट लेककडचा, मूळ टोंगा बेटांवरच्या घराण्यातला गडी. असा आडवातिडवा की दारातून आत येताना तिरकं व्हायचा.

जोडीदार म्हणजे चोवीस तास बरोबर. एकमेकांच्या नजरेआड व्हायचं नाही, हा नियमच.

तरीसुद्धा मला इतकं एकटं वाटायचं...

नाही, चांगले दिवसही आले होते, खोटं कशाला बोलू? उन्हाळ्यात एका बाईने बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मी आनंदाने ढसाढसा रडलो होतो. पण नंतर ती थंडी आली. लोक दार उघडायचे, छातीवरची चर्चच्या नावाची काळी पट्टी बघायचे आणि दार लावून घ्यायचे. एकाने अंगावर कुत्रं सोडलं. एक बाई गोड हसून म्हणाली, "बाळांनो, जरा थांबा हं," आणि आतून कडी घातली. आम्ही दोघं खुळ्यासारखे किती वेळ उभे होतो, देव जाणे.

घरी फोन वर्षातून दोनदाच. नाताळचा फोन होऊन गेला होता. आईचा आवाज ऐकून मी जो खचलो, तो सावरलोच नाही.

मला घरी जायचं होतं. बस्स.

पण मिशन अर्धवट टाकून परत येणं म्हणजे काय, ते आमच्या गावात, प्रेस्टनमध्ये राहून बघा. अख्खं चर्च कुजबुजतं. आईबापांना मान खाली घालावी लागते. तरी मी ठरवलं होतं. आमच्या मिशनचे प्रमुख, प्रेसिडेंट स्टॉडर्ड, यांना एकटं गाठून तसं सांगितलंही होतं. ते म्हणाले, "शुक्रवारपर्यंत विचार कर, बाळा. तरी जायचंच असेल, तर तिकीट मी काढतो."

फिफिताला यातलं काहीही माहीत नव्हतं.

गुरुवारी दुपारभर हिंडलो. एकही दार उघडलं नाही. शेवटचं घर आर्नी टॉफ्ट नावाच्या म्हाताऱ्याचं. त्याने मात्र दार सताड उघडलं.

"मॉर्मन ना रे तुम्ही? या आत. कॉफी ठेवू?"

"आम्ही कॉफी घेत नाही, आजोबा," मी म्हणालो.

"मग जगता कशासाठी?"

"जेवणासाठी!" फिफिता म्हणाला.

म्हातारा खो-खो हसला. आम्ही आत गेलो, बूट काढले. पण म्हातारा दार धरून तसाच उभा.

"लावा ना दार, आजोबा. गारठा येतोय."

"अरे, तो तिसरा येऊ दे की आत! किती वेळ ताटकळत ठेवणार त्याला? डोक्यावर टोपीसुद्धा नाही पोराच्या."

आम्ही वळून बघितलं...

पायरीवर कोणी नव्हतं. बर्फात आमच्या दोघांच्याच पावलांचे ठसे होते.

फार वेळ बसलोच नाही. गाडीत फिफिता म्हणाला, "मोतीबिंदू झालाय म्हाताऱ्याला. नाहीतर मलाच त्याने दोन मोजलं असेल." मला हसू आलं नाही. मी इतका दमलो होतो की भ्यायचंही जमत नव्हतं.

आमच्या खोलीपाशी पोहोचलो, तर गाडी बर्फात रुतली.

"तू वर जा आणि सूप गरम कर," फिफिता म्हणाला. "मी काढतो गाडी. खिडकीतून दिसतोच आहे मी तुला, म्हणजे नियम मोडला असंही नाही."

मी वर गेलो. सूप टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत कोसळलो. कोपरं टेबलावर टेकली, कपाळ हातांवर ठेवलं, डोळे मिटले.

दार उघडल्याचा आवाज आला.

मग पायांचा...

मग समोरची खुर्ची सरकली.

मला वाटलं, आला फिफिता. जेवणाआधी प्रार्थना करायची आणि एकाने दुसऱ्याला 'तू कर' म्हणायचं, ही आमची रोजची पद्धत. एकदा प्रार्थना सुरू झाली की संपेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत.

मी मान वर न करताच म्हणालो, "आज तू कर प्रार्थना."



मग प्रार्थना सुरू झाली. आवाज बसलेला होता. मी मनात म्हटलं, गारठ्याने घसा धरलाय याचा.

"प्रिय स्वर्गीय पित्या, या अन्नाबद्दल तुझे आभार..."

नेहमीचीच प्रार्थना. मला डुलकी लागत होती.

"केंटला घरी जायचंय, पित्या..."

माझी झोप उडाली. माझं नाव केंट. पण मिशनवर कोणी कोणाला पहिल्या नावाने हाक मारत नाही. आणि घरी जाण्याबद्दल मी फिफिताजवळ अवाक्षरही काढलं नव्हतं!

"त्याला जाऊ देऊ नकोस. सगळे जातात. मी एकटाच राहतो. त्याला बोलायला जड जातंय, तर त्याच्या वतीने मी बोलतो. येशू ख्रिस्ताच्या नावाने, आमेन."

"आमेन," मी म्हणालो.

लहानपणापासूनची सवय. तोंडातून निघून गेलं. आमेन म्हणजे 'तसंच होवो'.

तेवढ्यात खिडकीखालून हाक आली.

"पगमायर! ए ऐतखाऊ! ये की खाली ढकलायला, का झोपलास?"

तो फिफिता होता... खाली, रस्त्यावर.

मी डोळे उघडले. समोरची खुर्ची टेबलापासून मागे सरकवलेली होती. तिच्यावर कोणीही नव्हतं.

मी ओरडलोसुद्धा नाही. भिंतीवरच्या फोनकडे धावलो. शुक्रवार गेला खड्ड्यात, आत्ताच्या आत्ता मला घरी पाठवा, एवढंच बोलायचं होतं.

प्रेसिडेंटनी फोन उचलला.

"काय रे एल्डर, काही सांगायचं राहिलं का?"

"राहिलं...?"

"आत्ताच तर ठेवलास फोन! 'मी राहतो, प्रेसिडेंट' म्हणालास ना, खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. तुझ्या आईशी बोलणं करून दिलं तेही बरंच झालं. नियम राहू दे बाजूला. किती खूश झाली रे बिचारी!"



काय सांगणार होतो मी? की फोनवर बोलला तो मी नव्हतो? आणि आईला परत फोन करून काय सांगायचं? ती तोपर्यंत अख्ख्या गल्लीला सांगून मोकळी झाली असेल, माझा केंट राहतोय म्हणून.

"एल्डर? ऐकतोयस ना?"

"हो. काही नाही," मी म्हणालो. "आभार मानायचे राहिले होते."

मी राहिलो. मिशन संपेपर्यंत राहिलो. तो आवाज पुन्हा कधी आला नाही. गावात हळूच चौकशीही केली. त्या खोलीत कोणी मेलं नव्हतं, कोणी मिशनरी हरवला नव्हता. तसं काही कळलं असतं, तर निदान कोणाला घाबरायचं ते तरी समजलं असतं.

आता माझं लग्न झालंय, मुलं आहेत. चर्चमधले लोक अजून पाठ थोपटतात, पोरगा टिकला म्हणून. मी थोपटून घेतो.

गेल्या हिवाळ्यात आईकडे गेलो होतो. ती बटाटे सोलत होती. इतक्या वर्षांत विचारायचा धीर झाला नव्हता, तो त्या दिवशी झाला.

"आई, त्या दिवशी फोनवर मी काय बोललो होतो गं?"

"विसरलास?" ती हसली. "गायींचं विचारलंस. माझ्या गुडघ्याचं विचारलंस. मी रडायला लागले, तर रडू थांबेपर्यंत फोन धरून बसलास."

मग सुरी खाली ठेवून ती म्हणाली, "रागावू नकोस केंट, पण परत आल्यापासून तू इतक्या मायेने माझ्याशी कधी बोललाच नाहीस. मला मेलीला अजून वाटतं, तसा फोन परत एकदा यावा."

मी सुरी उचलून उरलेले बटाटे सोलायला घेतले. 

आता मी प्रेस्टनला तिच्याकडे असलो आणि फोन वाजला, की हातातलं टाकून धावतो. तिला उचलू देत नाही.

पण मी रोज तिथे नसतो...