निवलेली भट्टी

“भट्टीला हात लावू नकोस, एस्तेर! मी झाडते… मला झाडू दे!”

रिफ्काच्या हातातली मक्याच्या ताटांची मोळी धपकन खाली पडली. अंगणातल्या मातीच्या भट्टीपुढे तिची सून गुडघे टेकून बसली होती आणि शेजारी उन्हात आंबायला मांडलेल्या भाकऱ्या फुगायला लागल्या होत्या.

“का? आता भट्टीसुद्धा तुमच्या एकटीचीच का?” एस्तेरने मान वळवली नाही. “उद्या चाळिसावा. माझ्या नवऱ्याच्या नावाची भाकर मी भाजणार आणि कबरीपाशी मीच वाटणार! परवा माहेरून फहीमदादा आला की मी आणि यूस्तीना निघालो. मग हे घर, ही भट्टी आणि तुमचा तो देव, सगळं तुम्हाला लखलाभ असो!”

पायरीवर सहा वर्षांची यूस्तीना आपल्या बाहुलीचे कपडे गाठोड्यात बांधत होती. वस्तू अगदी नाकाशी नेऊन बघायची सवय होती पोरीला. एकुलता एक लेक मातीआड गेला, आता त्याची ही एवढीशी खूणही परवा अलेक्झांड्रियाच्या गाडीत बसणार… रिफ्काच्या काळजाचं पाणी पाणी झालं. पण बोलणार काय? आणि कुठल्या तोंडाने?

देवदूत मिखाएलच्या सणाच्या दिवशी गावातलं कुणी ख्रिस्ती माणूस दगडखाणीवर पाऊल ठेवत नाही. आदल्या दिवशी घरोघर देवदूताच्या नावाच्या पोळ्या भाजतात, सणाला वाटतात आणि माणसं प्रार्थनेला जातात. यंदा त्या सणाच्या पहाटे लेक वहीब कामाचे कपडे घालून अंगणात उभा राहिला, तेव्हा रिफ्काने त्याची बाहीच धरली होती.

“अरे, आजच्या दिवशी? वेड लागलंय का तुला?”

“हळू बोल, आई. एस्तेर उठेल. काल रात्री रडली ती… पोरीला फळ्यावरचं दिसत नाही, अन् मी आपला चष्मा आणतो आणतो म्हणत बसलोय! आज दुप्पट मजुरी आहे. दुपारी परत येतो की!”

विनवून झालं, रागावून झालं. शेवटी तो तोंड धुवायला वळला तेव्हा तिने त्याचे रबरी बूट उचलले आणि निवलेल्या भट्टीत पार आत सारले. बुटांवाचून कसा जाईल? पण तो पठ्ठ्या हसला, “ठेव तुझे बूट तुलाच!” म्हणाला, तिच्या हातावर ओठ टेकले आणि चपला फटफट वाजवत निघून गेला.

दुपारी त्याला चौघांनी आणलं. दगड कापायच्या यंत्राची उघडी वायर, खाली पाणी आणि पायांत त्या चपला…

“सणाच्या दिवशी त्याला जाऊ दिलं कुणी?” एस्तेरने हंबरडा फोडला होता. रिफ्काने सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं. खरं सांगितलं तर ही विहीर जवळ करेल, हे तिला लख्ख दिसलं… आणि ती म्हणाली, “मी. मीच धाडलं त्याला.”

तेव्हापासून एस्तेरने तिला ‘आई’ म्हणून हाक मारली नव्हती.

त्यात देवळातलं ते! त्यांच्यात लग्न असो वा मयत, प्रार्थना उपकारस्मरणानेच सुरू होते. प्रत्येक स्थितीत, प्रत्येक स्थितीसाठी, प्रत्येक स्थितीबद्दल, देवा, तुझे आभार! शवपेटीपुढे बाया ऊर बडवत होत्या आणि रिफ्काचा आवाज तेवढा स्वच्छ ऐकू येत होता. “लेकाला मारलं, अन् वर आभार मानतेय!” एस्तेर किंचाळली होती. रिफ्का आभार मानत होती ते बत्तीस वर्षं मांडीवर, अंगणात, ताटापुढे दिसलेल्या लेकाचे! ते देणं काय थोडं होतं? पण एका गोष्टीपाशी तिची जीभ रोज अडखळायची. पायात रबरी बूट असते तर…? हे तिने पापकबुलीत धर्मगुरूंना, अबूनांनासुद्धा सांगितलं नव्हतं. सुतकाच्या घरी चाळिसाव्याची भाकर भाजेपर्यंत भट्टी पेटत नाही, म्हणून ते बूट तसेच आत राहिले होते आणि ती रोज भट्टीच्या तोंडाशी जाऊन परत फिरत होती.

“हे काय?”

एस्तेरचा हात राखेने माखून बाहेर आला. हातात एक बूट होता. मग दुसरा आला.

“त्याचे बूट… भट्टीत? कुणी ठेवले?” आणि मग एकदम उमगून तिचा आवाजच फुटला. “तुम्ही लपवलेत! त्याने जाऊ नये म्हणून! मग… मग ‘मी धाडलं’ का म्हणालात?”

रिफ्का सुनेपुढे येऊन बसली. “धाडलं नाही गं… मारलं! रबराचे आहेत ते, एस्तेर! पायात असते तर माझा वहीब घरी आला असता! या हातांनी लपवले मी… याच हातांनी!” चाळीस दिवस कोंडलेला आक्रोश उसळून बाहेर आला. यूस्तीना भिऊन उभी राहिली.

एस्तेरने ते दोन्ही सुरकुतलेले हात घट्ट धरले. “काय बोलता हे? अडवायला लपवलेत ना? आई अडवणार नाही तर कोण अडवेल? आई… अहो आई, बघा ना माझ्याकडे!”

तो शब्द ऐकला आणि म्हातारीने सुनेच्या खांद्यावर डोकं टाकलं.

थोड्या वेळाने एस्तेर एकदम मागे सरली. “पण मग गेला का तो? आदल्या रात्री मी त्या चष्म्यावरून रडले होते… त्यासाठी तर नाही ना? खरं सांगा!”

रिफ्काने डोळे पुसले. नाताळाआधीच्या उपासाचे दिवस, अशात खोटं बोलू नये. तिने सुनेच्या डोळ्यांत डोळे घातले.

“छे गं! मुकादमाला आधीच शब्द देऊन बसला होता. बापासारखा हट्टी! तुझं नावसुद्धा निघालं नाही.”

“शपथ?”

“शपथ.”

एस्तेरने एवढा मोठा श्वास सोडला की रिफ्काला तो छातीवर जाणवला. मग ती उठली, बूट ओढणीने पुसून उंबऱ्याशी नीट जोडीने ठेवले आणि म्हणाली, “यूस्तीना, गाठोडं आत ठेव जा. अन् आजीला पाणी आण.”

भट्टी पेटली. भाकऱ्या आत सरकवायच्या आधी रिफ्काने नेहमीसारखी प्रार्थना सुरू केली, पण ‘प्रत्येक स्थितीत’ म्हणून ती रोजच्यासारखी अडखळली. तेव्हा शेजारून घोगरा, अडखळता आवाज आला.

“प्रत्येक स्थितीसाठी… प्रत्येक स्थितीबद्दल… देवा, तुझे आभार.”

एस्तेर म्हणत होती, आणि म्हणता म्हणता रडत होती. रिफ्काने डोळे मिटून तिच्या सुरात सूर मिळवला. बुटांपाशी रोज अडणारी तिची जीभ आता अडली नाही. आणि त्या शपथेबद्दल तिने देवाची क्षमा मागितली नाही. ती खोटी शपथ घेण्याचं बळ दिल्याबद्दल तिने मनातल्या मनात त्याचे आभार मानले.