एलियाबुवांचं अर्धंच कीर्तन

सत्यशीला साळवे यांच्या नगरातल्या चौकशी कार्यालयात लोक सहसा लग्नाची स्थळं तपासून घ्यायला येत. त्यामुळे समोर बसलेली मुलगी "एका स्विस पंडितावरून भांडण झालंय" म्हणाली, तेव्हा कल्याणनं वही उघडून विचारलं, "मुलगा काय करतो?"

"वारला," मुलगी म्हणाली. "लई वर्षं झाली."

सत्यशीलानं कपाळाला हात लावला. कल्याण तिचा भाचा होता, मदतनीसही होता, आणि दोन्हींवर आता इलाज नव्हता.

मुलीचं नाव आराधना. तिचे वडील एलियाबुवा घोडेगावजवळच्या एका वस्तीवर, चर्चमध्ये कीर्तन करत. रविवारी सुगीच्या सणाला त्यांनी त्या प्रोटेस्टंट पंडिताचा विचार निरूपणाला घेतला. दुसऱ्या दिवसापासून त्यातला एक तुकडा मोबाईलवरून गावभर फिरत होता. आराधनानं तो ऐकवला.

बाजाच्या पेटीचा मोठ्ठा सूर. त्यामागून बुवांचा आवाज: "धर्म म्हणजेच अविश्वास. धर्माला देव 'नाही' म्हणतो. आणि म्हणूनच तो..." मग जोराची फडफड, कोंबडीचं ओरडणं, आणि संपलं.

"आज दुपारी पंचांची बैठक हाय. बाबांच्या चिपळ्या काढून घेणार म्हणतात. कीर्तन गेलं तर बाबा अंथरूण धरतील."

"सबंध कीर्तन कुणाकडे आहे?"

"कुणी कबूलच करत न्हाई. त्यात कीर्तनाच्या साथीची माझी पेटी बिघडलीय. भात्यात पीस अडकलं कोंबडीचं."

तिघं वस्तीवर पोचली. पहिले भेटले भिमाजी मास्तर, पंचांचे सचिव. तक्रार त्यांचीच होती.

"कीर्तनाच्या वेळी तुम्ही कुठे बसला होता?" सत्यशीलानं विचारलं.

"बाई, तो पंडित म्हणतो, माणसानं देवापर्यंत शिडी लावूच नये. मग चर्च कशाला? पंच कशाला?"

"कुठे बसला होता?"

"मुद्दा असा की..."

"मास्तर. जागा."

"पुरुषांच्या बाजूला, वेदीजवळ," मास्तर दुखावून म्हणाले. "तुकडा मला कुणीतरी पुढे ढकललेलाच आला. मूळ कुणाचा, ठाऊक नाही."

दुसरा जस्टिन. धर्मशास्त्र शिकून आला होता, आणि कीर्तन बंद करून तिथे स्वतःचं प्रवचन सुरू करायला टपला होता.

"पंडिताच्या 'नाही'कडे द्वंद्वात्मक दृष्टीनं पाहिलं तर..."

"कोंबड्या कुठे होत्या?"

जस्टिन अडखळला. "बाहेर, कडुनिंबाखाली. सणाला लोक धान्य, कोंबड्या अर्पण करतात, शेवटी लिलाव होतो. राखणीला मीच होतो. मरियाबाई तेवढी लिलावापर्यंत कोंबडी हातातून सोडेना. गेल्या साली तिची कुत्र्यानं नेली होती. पण पंडिताचा मूळ मुद्दा..."

सत्यशीला चालू पडली. एका प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायला या वस्तीत बंदी होती की काय?

"आत्या, हाच," कल्याण कुजबुजला. "कोंबड्याही याच्याजवळ, पोटदुखीही याच्याजवळ."

"आणि पेटी?"

"ती आत होती." कल्याण थांबला. "अरेच्चा."

चर्चमध्ये आराधनानं पेटीची जागा दाखवली. बायकांच्या बाजूला, अगदी कडेला. "हितं मी, हितं मरियाबाई. पुंजाराम, तिचा ल्योक, ऊसतोडीला गेला का ती माझ्याच शेजारी बसती."

सत्यशीलानं मान डोलावली. "पंच जमले का बघ. आणि मरियाबाईंनाही बोलव."

सगळे सतरंजीवर बसले. एलियाबुवांनी चिपळ्या मांडीवर घेतल्या.

"कुणाला बदनामीच करायची असती," सत्यशीला म्हणाली, "तर त्यानं तुकडा 'नाही'वर तोडला असता. 'आणि म्हणूनच तो' कशाला ठेवला असता? म्हणजे हा कुणी तोडलेला नाही. आपोआप तुटलाय."

"पण कुणाच्या हातून?" मास्तर म्हणाले.

"पेटीचा सूर बुवांपेक्षा मोठा, म्हणजे मोबाईल पेटीला खेटून होता. शेवटी कोंबडी फडफडते, तीही जवळच. कोंबड्या होत्या बाहेर, पण पीस अडकलं आतल्या पेटीत. आत एकच कोंबडी असू शकते. जिची मालकीण तिला बाहेर ठेवायला तयार नव्हती ती." ती वळली. "मरियाबाई, मोबाईलवरच्या माईकच्या खुणेवर अंगठा दाबून लेकाला निरोप पाठवता ना?"

मरियाबाईनं पदर तोंडाला लावला. "पुंजालाच धाडत हुते. टोळीवर कुठलं आलंय कीर्तन? पदराखाली कोंबडी हुती, ती उधळली, अंगठा सुटला, गेलं ते. त्याला आवडलं, त्यानं चार जनास्नी धाडलं. हितं राडा झाल्यावर मी भ्याले."

"मग पुढचं कीर्तन?"

"पुन्यांदा दाबलं की. त्ये बी धाडलंय. पन लई लांब हाय, पुढं कुनी धाडलं न्हाई."

सत्यशीलानं डोळे मिटले. चार दिवस अख्खी वस्ती पंडिताचा अर्थ लावत होती, आणि उरलेला अर्थ या म्हातारीच्या कनवटीला होता.

तिनं मरियाबाईचा मोबाईल मधोमध ठेवला. बुवांचा आवाज आला: "...माणसाला 'हो' म्हणतो. नांगर जमीन फाडतो, तो रागानं नव्हे. पेरायचं असतं म्हणून. देवाचं 'नाही' म्हणजे नांगर, बाबांनो. आणि तो शेजाऱ्याच्या आधी माझ्या रानातून फिरतो."

मांडीवरच्या चिपळ्या बुवांच्या बोटांत हळूच वाजायला लागल्या.

"म्हणजे पंडिताचं मूळ..." जस्टिननं सुरुवात केली.

"बस," सत्यशीला आणि मास्तर एकदमच म्हणाले.

सगळं ऐकून झाल्यावर मास्तरांनी घसा साफ केला. "बुवा, येत्या रविवारी तुमचंच कीर्तन. आणि मरियाबाई, कोंबडी आत आणू नका."

"कुठली आनू? लिलावात तुमीच तर घेतली."

मास्तर सतरंजीकडे बघायला लागले. त्यांच्याकडे सोमवारी रस्सा झाला होता.

"चल, कल्याण," सत्यशीला उठली. "पुरावासुद्धा खाऊन झालाय यांचा."